मुरूम किती खोल आहे?

आमच्या बैठकीच्या खोलीत खिडकीखाली पेन्सिलने लिहिलेल्या तारखा आहेत. येणारे पाहुणे विचारतात, "मुलांची उंची मोजता का?" ती उंची मुलांची नाही, भेगेची आहे. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी खाली उतरली आहे. ती जिथवर पोचली तिथे आडवी रेघ मारायची आणि तारीख घालायची, असे आम्ही गेली काही वर्षे करत आलो आहोत.

घर बीड शहराच्या कडेला आहे. आज जिथे आमची वसाहत आहे तिथे पूर्वी कापूस आणि ज्वारी पिकत होती. शेत एनए झाले, प्लॉट पडले, त्यातला एक आम्ही घेतला. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे, भाईजाननी आखातात राहून पाठवलेली रक्कम आणि अम्मीच्या बांगड्या, सगळे त्या घरात गेले. लोखंड कुठले, सिमेंट कुठले, फरशीचा रंग कोणता, स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला, यावर आम्ही दोन महिने बसून विचार केला. पाया किती खोल, हे मात्र पाच मिनिटांत ठरले. शेजारच्यांनी चार फूट घेतला होता, म्हणून आम्हीही चार फूट घेतला. मे महिना होता. मिस्त्री म्हणाले, "जमीन लोखंड आहे, पहार वाकतेय." ऐकून आम्हाला बरेच वाटले.

मे महिन्यात काळी जमीन लोखंडच असते. खरा प्रश्न ऑगस्टचा असतो, आणि त्यानंतर येणाऱ्या पुढच्या मे महिन्याचा.

मागच्या वर्षी धाकट्या भावाने त्याच वसाहतीत, आमच्यापासून चार घरे सोडून, जोडून असलेल्या दोन प्लॉटांवर बांधकाम काढले. तेव्हा घरात वाद झाला. इंजिनियर साहेब म्हणाले, नकाशा नंतर करू, आधी जमीन तपासू. भावाला हा खर्च वायफळ वाटला. गल्ली तीच, माती तीच, मग तपासायचे काय? अब्बा एवढेच म्हणाले, "बेटा, पहले नीचे देख लो, ऊपर का बाद में देखेंगे." आणि त्यांनी खिडकीखालच्या तारखांकडे बोट केले. वाद तिथेच मिटला. त्या तपासणीत काय निघाले आणि त्यामुळे पाया कसा बदलला, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून घर एकदाच बांधून होते. आमची चूक दुसऱ्या कुणाच्या कामी आली तर तेवढेच समाधान.

काळी आणि पांढरी

जुन्या मराठीत गावाच्या जमिनीला दोन नावे होती. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. कसदार काळी पिकासाठी राखायची आणि घरे उंचवट्यावरच्या फिकट मातीत बांधायची, अशी रीत होती. माळवदावर टाकायलाही पांढरीच माती लागायची. आता पांढरीत जागा उरली नाही. बीड असो, माजलगाव असो की गेवराई, नव्या वसाहती काळीत गेल्या आहेत. काही रीतसर मंजूर होऊन, तर काही गुंठ्यागुंठ्याने. घर बांधायची आपली सवय मात्र पांढरीतलीच राहिली.

आपला सगळा जिल्हा काळ्या बेसाल्ट दगडावर बसलेला आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचा हा दगड. तो झिजून, कुजून वर माती झाली. वरून खाली जाताना साधारण असा क्रम लागतो: काळी माती, मग पिवळसर किंवा राखाडी माती, मग मुरूम, मग मऊ खडक आणि शेवटी काळा पाषाण. क्रम बहुतेक ठिकाणी हाच असतो, जाडी मात्र जागोजागी बदलते. बालाघाटाच्या माथ्यावर, पाटोदा आणि आष्टीच्या माळांवर, कुदळ दोनदा मारली की मुरूम लागतो. गोदावरीकाठच्या गंगथडीत, गेवराई आणि माजलगावच्या भारी जमिनीत, विहीर खोदताना कितीतरी वेळ काळी मातीच वर येत राहते. बीड शहर या दोहोंच्या मधे, बिंदुसरेच्या काठी आहे. म्हणून इथे एका मोहल्ल्यावरून दुसऱ्याचा अंदाज करणे धोक्याचे. आमच्या अनुभवाने सांगायचे तर एका प्लॉटवरून दुसऱ्याचाही करू नये.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असते. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर, म्हणजे अकरा-साडेअकरा फूट खोलीपर्यंत होऊ शकते. त्याखाली बाराही महिने ओल जवळपास सारखी राहते, म्हणून माती शांत असते. आमचा चार फुटांचा पाया कुठे बसला होता, हे आता वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट आम्हालाही फार उशिरा कळली. काळ्या मातीत बैठे घर जास्त सोसते. आपली समजूत अशी की घर हलके म्हणजे धोका कमी. पण फुगणारी माती वर रेटते, आणि तो रेटा दाबून धरायला घराचे वजन कमी पडते. त्यात घराखालच्या मधल्या मातीवर ना ऊन पडते ना पाऊस, कडेची माती मात्र दर मोसमाला भिजते आणि वाळते. म्हणून कोपरे वर-खाली होतात, मधला भाग जागेवर राहतो, आणि खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. आमचे एक नातेवाईक सांगत होते की जास्त लोखंड घातले असते तर हे झाले नसते. लोखंडाने स्लॅब मजबूत होतो. त्याखालची माती हलायची थांबत नाही.

तिपाई आणि ठोके

भावाच्या जागेवर आधी जेसीबीने दोन खड्डे घेतले, एक पश्चिमेच्या कोपऱ्यात आणि एक पूर्वेच्या. दहा फूट खोल. (असा खड्डा घेतला तर त्याभोवती त्याच दिवशी दोरी लावा आणि कुणालाही आत उतरू देऊ नका. काळ्या मातीच्या उभ्या कडा सांगून ढासळत नाहीत.) पश्चिमेला साडेपाच फुटांवर मुरूम लागला, तांबूस आणि टणक. पूर्वेला दहा फूट झाले तरी काळीच माती. तीन फुटांवर विटांचे तुकडे आणि प्लास्टिकच्या पिशव्याही निघाल्या. म्हणजे वरचा थर भरावाचा होता. मग शेजारच्या शेतातले वयस्कर चाचा आले आणि सहज म्हणाले, "इथून ओढा जायचा की. प्लॉट पाडताना बुजवला." हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. आमच्या घराचा पूर्वेकडचा कोपरा त्याच ओढ्याच्या रेषेत येतो, हे त्या दिवशी उभ्याउभ्या समजले.

पूर्वेला खड्डा पुरेना म्हणून बोअर घेतले. पाण्याचे बोअर वेगळे, हे वेगळे. यात एक तिपाई उभी करतात. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा सोडतात आणि खालची नळी जमिनीत ठोकतात. पहिले १५ सेंटिमीटर सोडून पुढचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले, ते मोजतात. ठोके कमी म्हणजे जमीन मऊ. गल्लीतली मुले मोठ्याने मोजत होती. वरच्या थरात सहा-सात ठोक्यांतच नळी आत गेली. चौदा फुटांवर आवाज बदलला, मुलांची मोजणी पन्नासवर गेली, आणि कामगारांनी हात थांबवला. मुरूम लागला होता. एकाच जागेवर एका टोकाला साडेपाच फूट आणि दुसऱ्या टोकाला चौदा.

मातीचे नमुने प्रयोगशाळेत गेले. तिथली एक चाचणी इतकी सोपी आहे की भगिनींना ती स्वयंपाकघरातली वाटेल. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेतात. एकात पाणी ओततात, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. एक दिवस ठेवून दोन्हींची उंची पाहतात. आमच्या नमुन्यात रॉकेलखालची माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यातली २१ वर गेली. म्हणजे फुगवटा ११० टक्के. शंभराच्या पुढे गेलेली माती जास्त फुगणारी मानतात. मुरमाचा नमुना जवळजवळ हललाच नाही.

या सगळ्या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस १८९२. बोअर किती घ्यायचे, किती खोल, नमुने कसे काढायचे, ते त्यात दिले आहे. आपल्याकडे पूल आणि सरकारी इमारती त्याप्रमाणे होतात, घरे क्वचित.

इथे एक घोटाळा सांगून ठेवतो, कारण तो आमच्याच घरात झाला. माती परीक्षण म्हटल्यावर भाऊ कृषी विभागाची मृदा आरोग्य पत्रिका घेऊन आला. तिच्यात नत्र, स्फुरद, पालाश आणि सामू असतो. पिकासाठी ती उत्तम, पायासाठी तिचा उपयोग नाही. पायासाठीची तपासणी स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत होते. खाजगी प्रयोगशाळा असतात, काही अभियांत्रिकी महाविद्यालयांतही ती सोय असते.

अहवाल आल्यावर काय बदलले

अहवालात एक आकडा असतो, जमिनीची सुरक्षित भारक्षमता. एक चौरस मीटर जमीन किती टन वजन बिनधोक पेलेल, ते तो आकडा सांगतो. एका खांबावर ३० टन भार येतो असे धरा. जमीन चौरस मीटरला १० टन पेलत असेल तर त्या खांबाखाली तीन चौरस मीटरचे फूटिंग लागेल, म्हणजे जवळपास पावणेसहा फूट बाय पावणेसहा फूट. तीच जमीन ३० टन पेलत असेल तर एक चौरस मीटर पुरते. काँक्रीट आणि लोखंड त्याच मानाने कमी-जास्त होते. जमीन न पाहता बांधणारा माणूस दोनपैकी एक करतो. भीतीपोटी गरजेपेक्षा जास्त ओततो, किंवा आमच्यासारखे शेजाऱ्याकडे पाहून कमी. दोन्हींत पैसा जातो.

भावाच्या घरात सगळ्यात आधी नकाशाच सरकला. तीन खोल्या पूर्वेकडे काढल्या होत्या. त्या पश्चिमेकडे घेतल्या आणि बुजवलेल्या ओढ्यावर अंगण आणि गाडीची जागा आली. पश्चिमेकडचे खांब सहा फुटांवर थेट मुरमात उतरवले. फूटिंग लहान झाले, लोखंड वाचले. तरीही पूर्वेच्या रांगेतले दोन खांब खोल काळ्या मातीत येत होते. त्यांच्याखाली पाइल घेतले, मुरमापर्यंत. एका घराचे काही खांब मुरमावर आणि काही काळ्या मातीवर ठेवायचे नाहीत, यावर इंजिनियर साहेब अडून बसले होते. सारे घर एकाच थरावर उभे राहिले पाहिजे.

सगळा प्लॉटच खोल काळ्या मातीचा निघाला असता तर त्यांनी अंडर-रीम पाइल सुचवले असते. हे तंत्र आपल्याच देशात, रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खास काळ्या मातीसाठी विकसित केले. जमिनीत साधारण साडेतीन मीटर खोल भोक पाडायचे, तळाजवळ ते अडीचपट रुंद करायचे आणि सळ्या सोडून काँक्रीट भरायचे. खाली मुळ्याच्या कंदासारखा फुगीर गोळा तयार होतो. वरची माती फुगून पाइलला उचलू लागली तर खालच्या शांत मातीत रुतलेला हा गोळा त्याला धरून ठेवतो. पाइलांना वरून जोडणारी तुळई जमिनीपासून निदान आठ सेंटिमीटर अधांतरी ठेवतात, म्हणजे फुगलेली माती तिला टेकत नाही. एवढ्या छोट्या फटीवर सगळ्या भिंती अवलंबून असतात, आणि नेमकी तीच फट गवंडी "उगाच कशाला" म्हणून मातीने भरून टाकतात. तिथे घरातल्या कुणीतरी उभे राहावे.

आणखी एक. पाया खोदताना निघालेली काळी मातीच आम्ही जोत्यात भरली होती. ट्रॅक्टरभर मुरमाचे पैसे वाचले म्हणून आम्ही खूष होतो. दोन पावसाळ्यांनी स्वयंपाकघरातली फरशी मधोमध उचलली गेली आणि तव्यासारखी उपडी झाली. अम्मी अजूनही तिथे पाय जपून टाकते. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक कट्टी यांनी दाखवून दिले होते की फुगणाऱ्या मातीवर साधारण मीटरभर जाडीचा, चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा बराच आवरतो. कर्नाटकातील मलप्रभा प्रकल्पाच्या कालव्यांवर ते तंत्र वापरले गेले. घराच्या जोत्याला चांगला मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करणे हे त्याच जातीचे काम. मात्र मुरूमही तपासून घ्यावा. मुरूम म्हणून येणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीत मुरूम असतोच असे नाही.

दोन घुमट

जमीन पाहून पाया ठरवणे ही आजची टूम नाही. विजापूरचा गोल घुमट सतराव्या शतकाच्या मध्यात उभा राहिला. त्याचा पाया थेट मूळ खडकावर आहे. एवढे प्रचंड वजन असूनही इमारत असमान खचली नाही, याचे श्रेय जाणकार त्या खडकाला देतात. खडकही आपल्यासारखाच, दख्खनचा काळा. त्याच शतकात आग्र्याला ताजमहाल झाला. तिथे यमुनेचा काठ, खाली गाळ आणि वाळू. खडक हाताला लागणे शक्यच नव्हते. म्हणून नदीच्या बाजूला विहिरी खोदल्या, त्या दगड-चुन्याने भरल्या आणि त्यांच्या डोक्यावर चौथरा उचलला. दोन्हीकडे घुमट, दोन्हीकडे कसबी कारागीर, पण पायाची तऱ्हा वेगळी, कारण जमीन वेगळी होती.

आपल्या बीडची खजाना बावडी घ्या. निजामशाहीच्या काळात सोळाव्या शतकात सलाबत खानाने ती बांधवली. ज्याने तिची जागा निवडली त्याला या भागातली जमीन आणि तिच्या पोटातले पाणी चांगलेच माहीत असणार. आजही तुमच्या प्लॉटच्या आसपास न बांधलेली उघडी विहीर असेल तर आधी तिच्या काठावर उभे राहून आतली भिंत पाहा. काळी किती, पिवळी किती, मुरूम कुठून सुरू, सगळे तिथे फुकट दिसते. फुकटात होणारी पहिली तपासणी ती. दुसरी, जुन्या माणसांना विचारणे की इथे ओढा, खदान किंवा बुजवलेली विहीर होती का.

मातीचे वागणे आकड्यांत मांडण्याचे शास्त्र मात्र फार जुने नाही. कार्ल टेरझागी या ऑस्ट्रियन अभियंत्याने त्याची घडी बसवली. त्याचे पायाभूत प्रयोग पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर इस्तंबूलमध्ये झाले, तेही टाकाऊ सामानातून जुळवलेल्या उपकरणांवर. १९२५ साली त्याचा ग्रंथ आला. आमच्या गल्लीत मुलांनी मोजलेल्या ठोक्यांचे गणित त्याच परंपरेतले.

किल्लारीचे नाव घेतल्याशिवाय मराठवाड्यात घराविषयी बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर, हजारो माणसे झोपेत गेली. बहुतेक बळी घेतले ते मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंतींनी. त्या आठवणीने आपण भिंती बदलल्या, खांब आणि पट्टे आणले. ते चांगलेच झाले. जमिनीखाली पाहायची सवय मात्र तेव्हाही लागली नाही.

आणि बिंदुसरा. २३ जुलै १९८९ चा पूर आमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी पाहिला आहे. नदीकाठच्या, ओढ्याकाठच्या जागेत पाया ठरवताना पाणी किती वर येते आणि भराव किती जुना आहे, हे भारक्षमतेच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. तिथे स्वस्त मिळालेला प्लॉट पायात महाग पडू शकतो. घेण्याआधीच एक खड्डा घेऊन पाहता आला तर उत्तम. विकणाऱ्याने खड्डा घेऊ दिला नाही, तर तेही एक उत्तरच समजा.

आपल्या भागातली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. चार-पाच महिने घर बंद असते. उचल घेऊन बांधलेल्या त्या घरांत टाकी गळत असली, पाइप फुटला असला, तरी परत येईपर्यंत कुणाला कळत नाही, आणि एकच कोपरा महिनोन्महिने भिजत राहतो. निघताना टाकीचा कॉक बंद करणे एवढे तरी जमते.

बांधून झालेल्या घराचे काय, असे पुष्कळजण विचारतील. आमचे तेच झाले होते. पाया आता खोल करणे परवडणारे नव्हते. इंजिनियर साहेबांनी घराभोवती फिरून तीन गोष्टी दाखवल्या. शोषखड्डा पूर्वेच्या भिंतीपासून जेमतेम पाच फुटांवर होता, तो त्यांनी दूर न्यायला लावला. गच्चीचे पाणी पाइपमधून थेट पायाशी पडत होते, ते नालीत सोडले. आणि घराभोवती पाच फूट रुंदीचा, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा केला. घराखालच्या मातीने फार भिजू नये आणि फार वाळूही नये, एवढाच त्यामागचा हेतू. कडुनिंब भिंतीपासून लांब होता, म्हणून वाचला. अम्मीला त्याचीच काळजी होती.

हे काम होऊन दोन वर्षे होत आली. भावाचे घर जोत्यापर्यंत आले आहे, रमजाननंतर स्लॅब पडेल, इन्शाअल्लाह. आमच्या खिडकीखालची शेवटची तारीख पट्टा घालण्याच्या आधीची आहे. त्यानंतर एक उन्हाळा आणि दोन पावसाळे गेले, भेग त्या रेघेखाली उतरलेली नाही. पुढचा वैशाख अजून यायचा आहे. पेन्सिल खिडकीतच ठेवली आहे.